दूध सोडलं, तरी काटा का हलेना?

प्रश्न थोडक्यात असा. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एक ताई, वय ४१, उंची पाच फूट दोन इंच, वजन ७४ किलो, कंबर ९६ सेंटीमीटर. घरीच शिलाई मशीनवर काम. थायरॉइडची गोळी चालू. मांस-मच्छी आधीच सुटलेलं होतं. जनावरांचे हाल बघवेनात म्हणून चार महिन्यांपूर्वी दूध, दही, ताक, तूप आणि अंडीही बंद केली. पहिल्या महिन्यात दोन किलो उतरले, मग काटा अडला, आणि आता ते दोन किलो परत आले. 'दुधातुपाचं एवढं फॅट गेलं तरी वजन कमी का होईना झालंय? सासूबाई म्हणतात दूध घे, नाहीतर हाडं जातील. परत सुरू करू का?' सोबत आठ दिवसांत काय काय खाल्लं ते वहीत उतरवून त्याचे फोटो पाठवलेत.

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. वजनासाठी दूध परत सुरू करायची काही गरज नाही. हाडांसाठी काय करायचं ते पुढे सांगते. पण एक गोष्ट आधीच वेगळी काढून ठेवू: दूध सोडलंत ते मनाला पटलं म्हणून, आणि तो निर्णय तुमचा. वजन कमी करणं हे दुसरं काम आहे. पहिलं केलं की दुसरं आपोआप होतं, असा समज व्हिडिओ बघून झालेला असतो. तसं होत नाही. साखर, मैदा, पामतेल, बटाट्याचे चिप्स, चहाबरोबरची डालड्यातली खारी, हे सगळं व्हीगनच आहे, म्हणजे प्राण्यांपासूनचं काही नसलेलं.

तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३० येतो. आपल्या लोकांसाठी २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात, बाईची कंबर ८० सेंटीमीटरच्या आत हवी. त्यामुळे वजन उतरवायला हवं हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण पहिलं ध्येय पाच-सहा किलोंचंच ठेवा. तेवढ्यानेही साखर, बीपी आणि गुडघ्यांना फरक पडतो.

आता वही. मी ती दोनदा वाचली, दुसऱ्यांदा कॅल्क्युलेटर घेऊन.

पूर्वी तुम्ही दिवसाला काय घेत होता? दोन चहांत मिळून १०० मिली म्हशीचं दूध, दुपारी वाटीभर दही, भातावर आणि भाकरीवर मिळून दोन चमचे तूप. हे सगळं धरून साधारण सव्वातीनशे कॅलरी होतात. त्या सोडल्यात, म्हणून पहिल्या महिन्यात थोडं वजन उतरलं. त्यातही पहिल्या आठवड्यातलं बरंचसं पाणीच असतं, पण ते असू दे.

त्या जागी काय आलं? शेंगदाणे. दुपारी भाकरीबरोबर शेंगाचटणी, दोन मोठे चमचे, म्हणजे २५ ग्रॅम. वांग्याच्या नाहीतर दोडक्याच्या भाजीत कूट, तुमच्या वाटणीला २० ग्रॅम. हे दोन्ही पूर्वीही होतंच. दह्याऐवजी आता शेंगदाण्याचं दही लावता, वाटीभर दह्याला ३० ग्रॅम दाणे लागतात. आणि चारच्या सुमारास मशीनवर बसल्या बसल्या मूठभर भाजलेले दाणे आणि गुळाचा खडा. मूठ म्हणजे आणखी ३० ग्रॅम. शेवटच्या दोन गोष्टी दूध सुटल्यावर आलेल्या. ६० ग्रॅम दाणे म्हणजे ३४० कॅलरी. दारातून जेवढं बाहेर काढलं तेवढं खिडकीतून आत आलं. दिवसभराचे सगळे दाणे धरले तर १०५ ग्रॅम होतात, जवळजवळ सहाशे कॅलरी, आणि यात गूळ धरलेला नाही.

'पण दाण्यात प्रोटीन असतं ना?' असतं की. १०० ग्रॅमला २५ ग्रॅम. पण ते २५ ग्रॅम मिळवायला ५६० च्या वर कॅलरी पोटात जातात, कारण दाण्याचा निम्मा भाग तेल आहे. तेवढंच प्रोटीन मसुरातून घेतलं तर साडेतीनशेच्या आत भागतं, आणि सोया चंक्समधून घेतलं तर पावणेदोनशेच्या आसपास. तेल काढून घेतलेल्या सोयाबीनच्या पिठापासूनच त्या वड्या बनतात, म्हणून हा फरक. वजन वाढवायचं असलेल्या पोराला मी दाणे खा म्हणून सांगते. तुम्हाला चटणी एक चमचा, बस्स. कूट भाजीत घालायचं तर त्या दिवशी चटणी नाही.

इथे एका अभ्यासाचं सांगते, कारण व्हीगन आहाराने वजन उतरतं असं सांगणारे सगळे त्याच्याकडे बोट दाखवतात आणि अर्धंच सांगतात. २००५ मध्ये अमेरिकेतल्या नील बर्नार्ड यांच्या गटाने पाळी गेलेल्या, जादा वजनाच्या ६४ बायकांवर १४ आठवडे प्रयोग केला. व्हीगन गटाचं वजन सरासरी ५.८ किलो उतरलं, नेहमीच्या कमी फॅटच्या आहारावर असलेल्यांचं ३.८ किलो. कॅलरी मोजायला कुणालाच सांगितलं नव्हतं. हे खरं आहे. पण तो आहार नुसता व्हीगन नव्हता, फार कमी फॅटचा होता. त्यात वरून घालायचं तेल नव्हतं, दाणे-काजूही नव्हते. म्हणजे ज्या अभ्यासाचा दाखला आपण देतो, त्यातल्या बायकांच्या ताटात आपली शेंगाचटणी बसलीच नसती.

मी तुम्हाला तेल पूर्ण बंद करा असं सांगणार नाही. आपल्याकडे ते चालत नाही, आणि पंधरा दिवसांत माणूस कंटाळून भज्यांवर येतो. पण मोजा. तुम्ही लिहिलंय की घरात चौघं आणि महिन्याला पाच लिटरचा कॅन संपतो. म्हणजे माणशी दिवसाला ४० मिलीच्या वर, साडेतीनशे कॅलरी नुसत्या तेलाच्या. बैठं काम करणाऱ्या बाईला वरून घालायचं तेल २० ग्रॅमच्या आसपास पुरे, आणि वजन उतरेपर्यंत मी १५ ग्रॅम धरते, म्हणजे तीन लहान चमचे. फोडणीला पळीने तेल ओतायचं बंद करा, चमच्याने घाला. एक तारखेला एका रिकाम्या बाटलीत घरासाठी अडीच लिटर वेगळं काढा आणि ते महिनाभर पुरवा. पंधरा तारखेला बाटली अर्ध्याखाली गेलेली दिसली की घरातल्या सगळ्यांना न सांगता कळतं. चटणीवर कच्चं तेल ओतून घ्यायची आपल्या भागातली सवय मात्र सोडावीच लागेल. भाकरी कोरडी लागते म्हणता, तर पातळ आमटी घ्या. करडईचं तेल की सूर्यफुलाचं, यावर बायका माझ्याशी अर्धा अर्धा तास बोलतात. हृदयासाठी त्यात थोडाफार फरक असेल, वजनासाठी काडीचाही नाही; कुठलंही तेल ग्रॅमला ९ कॅलरी देतं. खोबरेलही त्यातच आलं, आणि नारळाच्या दुधातही तेच तेल असतं. चहात घालायला काजू वाटून दूध करता तेही बघा. काजू आपल्याकडे घरचे मिळतात म्हणून हात सैल सुटतो.

गुळाचंही तेच. ऊस आणि गुऱ्हाळांच्या मुलखात गुळाला कुणी वाईट म्हणत नाही, पण वजनाच्या हिशेबात गूळ आणि साखर जवळपास सारखीच.

वहीत मला खटकलेली सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच आहे. आठ दिवसांत उसळ दोनदाच. बाकीचे दिवस आमटी आहे, पण तुरीच्या डाळीची, पातळ, चौघांत दीड मूठ डाळ. रात्री भात, सार आणि पापड. मग दहा वाजता भूक लागते आणि चिरमुरे-फरसाण होतं. यात तुमची जीभ चुकत नाही, ताट चुकतंय. प्रोटीन आणि चोथा कमी पडला की पोट लवकर रिकामं वाटतं. शिवाय वजन उतरताना प्रोटीन कमी असलं तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि चाळिशीनंतर गेलेला स्नायू परत आणणं सोपं नसतं. तुम्हाला दिवसाला ६० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन हवं. वहीतलं मोजलं तर पन्नाशीच्या आतच भरतं, आणि त्यातलं निम्मं दाण्यांचं.

आपल्या भागात याची वाण नाही. दुकानात जाऊन व्हीगन लिहिलेलं काही आणायचीही गरज नाही. हुलगे, मटकी, चवळी, मूग, हरभरा, पावटा, भात निघाल्यावर शेतात येणारा मसूर आणि वाटाणा. सोयाबीन तर जिल्ह्यातच पिकतं. हुलगे आपण बैलाला घालतो म्हणून माणसाने खायचे नाहीत, असं काही घरांत अजून वाटतं. १०० ग्रॅमला २० ग्रॅमच्या वर प्रोटीन असलेलं हे धान्य आहे. हुलग्याची उसळ आणि त्याच पाण्याचं कढण, लसूण-जिऱ्याची फोडणी देऊन. एका शिजवण्यात दोन पदार्थ होतात.

मी तुमच्या जागी असते तर दिवस साधारण असा बसवला असता. सकाळी पोह्यांऐवजी मूगडाळीची धिरडी, ५० ग्रॅम डाळ भिजवून वाटलेली, तव्याला चमचाभर तेल, आत कांदा-कोथिंबीर-मेथी भरपूर. सोबत खोबऱ्याची नाही, टोमॅटोची नाहीतर दोडक्याच्या सालीची चटणी. दुपारी एक मध्यम भाकरी, घट्ट उसळ मोठी वाटीभर (कोरडं कडधान्य ५० ग्रॅम), कुठलीही पालेभाजी किंवा फळभाजी, आणि कच्चं जेवढं खाता येईल तेवढं. ज्वारीच्या भाकरीबरोबर कच्ची मेथी, कांद्याची पात, मुळा, काकडी खायची पद्धत आपल्याकडे आहेच. शहरात राहायला आलेल्यांनी ती सोडली. चार वाजता दाण्यांऐवजी मूठभर फुटाणे, ३० ग्रॅम, आणि एखादा पेरू. फुटाणे ११० कॅलरीत भागतात, चावायला वेळ लागतो आणि मशीनही थांबत नाही. रात्री परत एक भाकरी, सोया चंक्सचा रस्सा किंवा मसुराची घट्ट आमटी, आणि भाजी. भात हवाच असेल तर दुपारच्या भाकरीऐवजी घ्या, एक वाटी. खानापूरच्या माणसाला भात सोडा म्हणून सांगण्यात अर्थ नाही हे मला माहीत आहे. पण भाकरीही आणि वर भातही, ही दोन जेवणं झाली.

हे सगळं चौदाशे कॅलरींच्या आसपास बसतं आणि ताट रिकामं दिसत नाही. पहिले आठ-दहा दिवस पोट फुगेल, गॅस होईल. कडधान्यं रात्रभर भिजवा, पाणी टाका, मोड आणा, शिजवताना आलं-हिंग घाला. एकदम रोज न करता एक दिवसाआड सुरू करा. सोया चंक्स उकळत्या पाण्यात घालून दोनदा पिळून घेतले की तो वास जातो. टोफू शहरात काही दुकानांत मिळतो, मिळाला तर पनीरसारखा वापरा, नाही मिळाला तर अडत नाही.

गुरुवारच्या उपवासाचं एक सांगायचं राहिलं. वहीत त्या दिवशी दोन वेळा साबुदाण्याची खिचडी आहे. साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च, त्यात दाण्याचं कूट आणि तेल. बशीभर खिचडी पाचशे कॅलरीपर्यंत सहज जाते. आठवड्यातला सगळ्यात जड दिवस तुमच्या उपवासाचा आहे! उकडलेली रताळी खा, बेळगावच्या पश्चिमेकडची गावं त्याच्यावरच जगतात. सोबत फळं आणि कोकमाचं पातळ सार, नारळ न घालता. किंवा त्या दिवशी चालत असेल तर वरीचा भात, कूट न घालता.

आता सासूबाईंचा मुद्दा. त्यांचं म्हणणं उडवून लावू नका. दुधाबरोबर कॅल्शियम गेलं हे खरंच आहे, आणि तुमच्या वयात त्याकडे लक्ष हवंच. रोज १००० मिलिग्रॅम लागतं. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास असतं, म्हणून आठवड्यातून तीन-चार वेळा ज्वारीऐवजी नाचणीची भाकरी करा किंवा आंबिल करा, ताकाऐवजी लिंबू घालून. तीळ न सोललेले घ्या. संक्रांतीच्या भाकरीवर थापतो तसे वर्षभर थापायला काय हरकत आहे? एक चमचा पुरे, कारण तीळही तेलाचेच. शेवग्याचा पाला, माठ, मेथी. पालकावर मात्र विसंबू नका. त्यातल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम अंगी लागत नाही. एवढं करूनही हजाराचा आकडा रोज गाठला जाईलच असं नाही, म्हणून गोळी हवी का ते डॉक्टरांना विचारा. ड जीवनसत्त्व तपासून घ्या. दिवसभर घरात मशीनवर बसणाऱ्या बाईचं ते कमी असायची शक्यता बरीच. ड-३ ची नेहमीची गोळी बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून करतात. तुम्हाला ते चालणार नसेल तर दगडफुलाच्या जातीच्या लायकेनपासून केलेली मिळते, मागून घ्या.

बी-१२ बद्दल मात्र मी आग्रह धरणार, कारण इथे खाण्यातून मार्गच नाही. ते जिवाणू तयार करतात आणि प्राण्यांच्या पदार्थांतूनच आपल्यापर्यंत पुरेसं पोचतं. आंबवलेली इडली, मोड आलेले मूग, स्पिरुलिना, यांतून ते मिळतं असं सांगणारे खूप आहेत. मिळत नाही. स्पिरुलिनात असतं ते बी-१२ सारखं दिसणारं, पण शरीराला न चालणारं. यकृतात साठा असतो म्हणून सोडल्यावर लगेच काही जाणवत नाही, पण तुम्ही मांस कित्येक वर्षांपूर्वी सोडलंय, तेव्हा साठा भरलेला असेल असं धरू नका. तळपायांना मुंग्या, जीभ सोलल्यासारखी होणं, थकवा, विसरभोळेपणा ही त्याची लक्षणं. दुसरी एक गोम अशी, की पालेभाज्या आणि कडधान्यांतून फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व भरपूर मिळतं, त्यामुळे हिमोग्लोबिनचा रिपोर्ट चांगला दिसतो आणि नसांचं नुकसान मात्र आतल्या आत चालू राहतं. म्हणून हिमोग्लोबिन बरं आहे म्हणून निश्चिंत होऊ नका, बी-१२ वेगळं तपासा. पातळी चांगली असली तरी गोळी कायमची: रोज १० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅम, असा साधारण डोस व्हीगन लोकांना सांगितला जातो. पातळी कमी निघाली तर इंजेक्शन की मोठा डोस, ते डॉक्टर ठरवतील. घरात कुणी साखरेसाठी मेटफॉर्मिन घेत असेल आणि तुमच्याबरोबर दूध सोडत असेल, तर त्यांचीही तपासणी करा. त्या गोळीने बी-१२ आणखी उतरतं.

लोहासाठी फार काही नाही. उसळीवर लिंबू पिळा, आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका, तासभर जाऊ दे. जवसाची चटणी आपल्याकडे असतेच, रोज एक चमचा खा, ओमेगा-३ साठी. जवस भाजून कुटलेलं हवं. अख्खं दाणं जसंच्या तसं बाहेर पडतं.

पाकिटावर हिरव्या रंगातलं व्हीगनचं चिन्ह आता दिसतं. भारतात त्याचे नियम २०२२ पासून आहेत. त्या चिन्हाचा अर्थ एवढाच, की आत प्राण्यांपासूनचं काही नाही. आइस्क्रीम त्या चिन्हाचं असलं तरी ते आइस्क्रीमच. उलट कुंदा आणि तुपातला करदंट ही आपल्याकडची मिठाई तुमची आपोआप सुटली, तो फायदा धरून ठेवा. लग्नाच्या पंगतीत वाढपी वरणावर तूप ओततोच, तो येण्याआधी वाटीवर हात ठेवा. 'डॉक्टरांनी बंद केलंय' म्हटलं की कुणी आग्रह करत नाही. बाकी कारणं सांगत बसलात तर जेवण गार होईल.

चालण्याचं तुम्ही लिहिलंय, रोज अर्धा तास. चांगलं आहे, पण नुसत्या चालण्याने वजन फार उतरत नाही आणि स्नायू टिकत नाहीत. आठवड्यातून तीन दिवस जोर लागेल असं काही करा. खुर्चीवरून हात न टेकता वीस वेळा उठबस, भिंतीला हात लावून जोर, दोन लिटरच्या पाण्याच्या बाटल्या उचलणं. मशीनवर तासभर बसलात की पाच मिनिटं उठा. वजन आठवड्यातून एकदाच करा, त्याच वारी, सकाळी पोट साफ झाल्यावर. आदल्या रात्री पापड-लोणचं झालं असेल तर मिठाने पाणी धरतं आणि काटा किलोभर वर दाखवतो, त्यावर रडायचं नाही. कंबर महिन्यातून एकदा मोजा. आठवड्याला पाव ते अर्धा किलो हा चांगला वेग. त्याहून जास्त उतरायला लागलं तर मला कळवा, खाणं वाढवू.

थायरॉइडच्या गोळीबद्दल नीट वाचा, कारण मी तुम्हाला सोया वाढवायला सांगितलंय. गोळी सकाळी उठल्याबरोबर, रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर. त्यानंतर अर्धा ते एक तास चहाही नको. सोया, कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी या तिन्ही गोष्टी तिचं शोषण अडवतात, त्यांच्यात आणि थायरॉइडच्या गोळीत चार तास तरी जाऊ द्या. म्हणूनच वर सोया चंक्स रात्रीच्या जेवणात घातलेत. खाण्यात हा बदल केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करा. त्याच वेळी बी-१२, ड जीवनसत्त्व, हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा) आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) होऊन जाऊ दे. रिपोर्ट आणि वहीची पुढची आठ पानं, दोन्ही मिळून पाठवा. त्यात तेलाच्या बाटलीची पंधरा तारखेची खूणही लिहा.